पायांना येणाऱ्या मुंग्या साखरेच्याच का?

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशचतुर्थीची गोष्ट. विसर्जनाची मिरवणूक संपवून आम्ही सारी घरी परतलो. काकी ओट्यावर बसल्या आणि पाय धुवायला वाकल्या, तेव्हा लक्षात आले की त्यांच्या एका पायात चप्पलच नाही. वाटेत कुठेतरी ती निसटली होती, आणि तशाच त्या अर्धा मैल चालत आल्या होत्या. तळपायात काचेचा बारीक तुकडा रुतलेला होता. रक्त येत होते, परंतु काकींना त्याची जाणीवच नव्हती.

"अगं, माझ्या पायांना दोन वर्षांपासून मुंग्या येतात. रात्री तर निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग होते," काकी म्हणाल्या. मी विचारले, "मग डॉक्टरांना सांगितले नाही?" त्या हसल्या. "सांगितले ना! सगळे म्हणतात, दियाबेत आहे, तर असे व्हायचेच. अंगात साखर आहे, मग मुंग्या येणारच की!"

त्या विनोदावर आम्ही सगळे हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. कारण काकींच्या पायांना येणाऱ्या साऱ्या मुंग्या साखरेच्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच त्या रोज नेमाने घेत असलेल्या गोळीच्या मागून आल्या होत्या. ती गोळी वाईट होती असे मुळीच नाही. ती गोळी चालू असताना एका साध्या गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते, आणि ते कोणीच ठेवले नव्हते, आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही.

वाचकहो, आपल्या बेटावर पाच प्रौढ माणसांमागे जवळजवळ एकाला मधुमेह आहे. म्हणजे ज्या घरात ही गोळी नाही असे मराठी घर शोधूनच काढावे लागेल. म्हणून या गोळीची हकीकत आज आपल्यापुढे मांडते.

डार्मश्टाटचे औषधाचे दुकान

गोळीचे नाव मेटफॉर्मिन. ग्लुकोफाज या नावाने ती जगभर ओळखली जाते. ग्लुकोफाज म्हणजे साखर खाणारा. काकींच्या खोक्यावर हेच नाव होते आणि त्याखाली 'मर्क' असा शब्द होता. हे मर्क कोण, म्हणून मी शोध घेतला, तो मला जर्मनीतील डार्मश्टाट या शहरी घेऊन गेला.

डार्मश्टाट हे फ्रँकफुर्टच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले गाव. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असेल. १९९४ साली तेथील प्रयोगशाळेत ११० क्रमांकाचे मूलद्रव्य निर्माण झाले आणि त्याला गावावरून डार्मश्टाटियम हे नाव मिळाले. परंतु औषधांच्या इतिहासात या गावाचे स्थान त्याहून फार जुने आहे. १६६८ साली फ्रीडरिक याकोब मर्क या गृहस्थांनी तेथील एंजल अपोथेके, म्हणजे देवदूताच्या नावाचे औषधांचे दुकान, विकत घेतले. त्यांच्याच वंशातील इमानुएल मर्क यांनी १८२७ पासून मॉर्फिनसारखी वनस्पतींतील औषधी द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार करावयास आरंभ केला, आणि दुकानाचा कारखाना झाला. साडेतीनशे वर्षांनंतरही मर्क कंपनीचे मुख्य ठाणे डार्मश्टाटच आहे.

मेटफॉर्मिनचा जन्म मात्र तेथला नव्हे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची एक वनस्पती उगवते. पूर्वी तेथील लोक ती औषधी म्हणून वापरीत. तिच्यातील एका द्रव्याने रक्तातील साखर उतरते असे पुढे आढळले, परंतु ते द्रव्य विषारी होते. त्याच कुळातील मेटफॉर्मिन हे रसायन १९२२ साली डब्लिन येथे तयार झाले आणि नंतर बरीच वर्षे विस्मृतीत पडले. फ्रान्समधील डॉक्टर झाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहाच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्लुकोफाज हे नाव त्यांच्याच काळातले. पुढे हे औषध लियाँ येथील लिफा या कंपनीकडे आले, आणि १९९१ साली डार्मश्टाटच्या मर्कने लिफा आपल्या पंखाखाली घेतली. अशा रीतीने फ्रान्समधील गोळी जर्मन घराण्यात नांदू लागली.

या गोळीचे उपकार मोठे आहेत, हे आधीच सांगून टाकते. ती स्वस्त आहे. एकटी घेतली तर ती साखर एकाएकी फार खाली आणीत नाही. मधुमेहाच्या काही औषधांनी वजन वाढते, हिने वाढत नाही, उलट थोडेसे उतरते. म्हणूनच स्थूल माणसांना ती प्रथम दिली जाते. ब्रिटनमध्ये वीस वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली जाहीर झाले. वजन जास्त असलेल्या ज्या रोग्यांना मेटफॉर्मिन दिले होते, त्यांच्यात मधुमेहामुळे होणारे मृत्यू, केवळ आहारावर ठेवलेल्या रोग्यांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा हा लेख वाचून कोणी गोळ्यांचे खोके कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, ही हात जोडून विनंती.

गोळी काय देते, काय घेते

आता दुसरी बाजू. आपल्या शरीराला बी-बारा नावाचे एक जीवनसत्त्व लागते. ते किती लागते? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले अडीच भागसुद्धा दिवसाला नकोत. परंतु तेवढ्यावाचून रक्त नीट तयार होत नाही आणि नसांचे वेष्टण टिकत नाही. विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते, तसे आपल्या नसांवर चरबीचे पातळ आवरण असते. ते झिजले की निरोप नीट पोहोचत नाहीत. कधी नसलेली आग जाणवते, तर कधी असलेली काच जाणवत नाही. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात, म्हणून दुखण्याची पहिली बातमी बहुधा तेथूनच येते.

खाल्लेल्या अन्नातून हे जीवनसत्त्व रक्तात येण्याची वाट लांबची आहे. जठरातील आम्लाने ते अन्नापासून सुटे होते. मग जठरातच तयार होणारे एक प्रथिन त्याला हाती धरून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेते. तेथील दार उघडायला कॅल्शियमची मदत लागते. मेटफॉर्मिन या शेवटच्या दारापाशी अडथळा आणते, असे मानले जाते. म्हणजे ताटात बी-बारा असले, तरी त्यातले पुरेसे रक्तात जात नाही.

हे चटकन का कळत नाही? कारण आपले यकृत काटकसरी गृहिणीसारखे आहे. ते काही वर्षे पुरेल एवढा बी-बाराचा साठा करून ठेवते. गोळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे शरीर या साठ्यावर निभावून नेते. नंतर कोठार रिकामे होते. तोवर गोळी इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याविषयी कोणाला शंकाच येत नाही.

ही माहिती काही कालची नव्हे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-बारा घटते असा लेख ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात १९७१ सालीच आला होता. हॉलंडमध्ये ३९० रोग्यांवर चार वर्षांहून अधिक काळ केलेल्या परीक्षेचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्यांना मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तातील बी-बारा दुसऱ्या गटाच्या तुलनेने सुमारे १९ टक्क्यांनी घटलेले आढळले. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०१७ पासून आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे की ही गोळी घेणाऱ्यांचे, विशेषतः ज्यांना पंडुरोग किंवा नसांचा त्रास आहे त्यांचे, बी-बारा अधूनमधून तपासावे. जून २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने बी-बाराची कमतरता हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले. दहांपैकी एकापर्यंत रोग्यांना तो होऊ शकतो. मात्रा जितकी मोठी आणि वर्षे जितकी जास्त, तितका धोका अधिक.

दोन गणिते, एकच उत्तर

मग इतकी वर्षे ठाऊक असलेली गोष्ट काकींच्या बाबतीत का सुटली? याचे उत्तर मला शिक्षिका म्हणून लवकर समजले. वर्गात दोन वेगवेगळ्या गणितांचे उत्तर कधी कधी एकच येते. मुलाने नुसते उत्तर लिहिले, तर त्याने कोणते गणित सोडविले हे कळत नाही. येथेही तसेच आहे. मधुमेहाने नसा खराब होतात, तेव्हा पायांना मुंग्या येतात, आग होते, बधिरपणा येतो. बी-बारा कमी झाले तरी पायांना मुंग्या येतात, आग होते, बधिरपणा येतो. रोगी आधीच मधुमेहाचा, म्हणून पहिलेच गणित गृहीत धरले जाते आणि दुसरे कोणी तपासून पाहत नाही.

या चुकीची किंमत मात्र भारी आहे. मधुमेहाने बिघडलेल्या नसा पुन्हा पहिल्यासारख्या करणारे औषध नाही. बी-बारा भरून काढता येते, पण ते वेळेवर केले तरच. उशीर झाला की नसांची हानी कायमची होते, आणि फार दिवस लोटले तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत दुखणे पोहोचते. मग चालताना तोल जातो, स्मरणही मंदावते. म्हातारपण आले म्हणून आपण तेही सोडून देतो.

आपले ताट

आणखी एक गोष्ट आपल्या घरांची आहे. बी-बारा भाजीपाल्यात नाही, डाळीत नाही, भातात नाही. ते मासे, मांस, अंडी, दूध आणि दही यांतूनच येते. आपल्या पूर्वजांनी रत्नागिरी-सावंतवाडीकडून येताना माशाची आवड बरोबर आणली, त्यामुळे तरुणपणी आपल्याला याची फारशी चिंता नसते. परंतु उतारवयात पुष्कळ जण मासे सोडतात. कोणी व्रत म्हणून, कोणी दात नाहीत म्हणून, कोणी घरातले माणूस गेले म्हणून. काका गेल्यापासून काकींनी मासे-अंडी वर्ज्य केली होती. दूध केवळ चहापुरते. दालपुरी, ब्रेदची भाजी आणि भात, हा त्यांचा आहार. आहार सात्त्विक खरा, परंतु त्यात बी-बारा जवळजवळ नाही. वरून दिवसाला मेटफॉर्मिनच्या तीन गोळ्या, बारा वर्षे. त्यातच छातीत जळजळते म्हणून जठरातील आम्ल कमी करणारी गोळी. तीही बी-बाराची वाट अडविते.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न गोळीच्याही आधी सुरू होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ६७ टक्के लोकांत बी-बारा कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. ज्याचे कोठार मुळातच अर्धे रिकामे, त्याने ही गोळी सुरू केली तर ते किती लवकर संपेल याचा विचार करावा. तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना हे त्यांच्याही कानावर घालावे.

एकाच घराण्यातील दोन वस्तू

या शोधात मला एक गमतीची गोष्ट सापडली. मर्क घराण्याची एक शाखा १८९१ मध्ये अमेरिकेत गेली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ती जर्मन घरापासून कायमची तुटली. आज दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु १९४८ साली बी-बारा जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक प्रथम वेगळे काढले ते याच अमेरिकन मर्कच्या शास्त्रज्ञांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनीही. डोरोथी हॉजकिन या विदुषीने पुढे त्या स्फटिकांची रचना उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इकडे डार्मश्टाटच्या मर्कनेही बी-बारा असलेली न्यूरोबियन नावाची गोळी जगभर विकली. भारतात मर्कची शाखा १९६७ पासून होती आणि तिचा कारखाना गोव्यात, फोंडा तालुक्यातील उसगाव येथे. २०१८ साली कंपनीने आपला हा जीवनसत्त्वांचा व्यवसाय प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीला विकला. म्हणजे बी-बारा कमी करणारी गोळी आणि बी-बारा देणारी गोळी, दोन्ही कितीतरी वर्षे एकाच नावाखाली विकल्या जात होत्या. औषधांच्या दुकानात त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतील. दोहोंना जोडणारा प्रश्न विचारणारे माणूस तेवढे मध्ये हवे होते.

काय करावे

पहिली गोष्ट, घरातील कोणी चार-पाच वर्षांपेक्षा अधिक काळ मेटफॉर्मिन घेत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: "माझे बी-बारा तपासावयाचे का?" एका साध्या रक्ततपासणीने ते कळते. आकडा काठावरचा आला तर डॉक्टर आणखी एखादी तपासणी सांगतील. मुंग्या, आग, बधिरपणा, तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे किंवा विलक्षण थकवा असेल, तर पुढच्या भेटीची वाटही पाहू नये.

दुसरी गोष्ट, आपण कोणत्या गोळ्या घेतो, किती वर्षे घेतो, मासे, अंडी, दूध खातो की नाही, हे एका कागदावर लिहून न्यावे. आरोग्यकेंद्रात गर्दी असते आणि डॉक्टर बदलतात. कागद बदलत नाही.

तिसरी गोष्ट, मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नये. बी-बारा कमी निघाले, तरी बहुधा गोळी चालू ठेवूनच इंजेक्शनाने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळीने ते भरून काढतात. गोळी सोडली आणि साखर चढली, तर नसांचे दुप्पट नुकसान.

चौथी गोष्ट, ताकदीची गोळी म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या आपण होऊन वर्षानुवर्षे गिळू नयेत. त्यांत बी-सहा नावाचे जीवनसत्त्वही असते, आणि ते मोठ्या मात्रेत फार काळ घेतले तर त्यानेच नसा बिघडतात. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्याही तपासणीवाचून घेऊ नयेत. त्यांनी रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे दुखणे आतल्या आत वाढत राहते.

पाचवी गोष्ट, रोज रात्री पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा नातवाला बोलवावे. अनवाणी चालू नये, देवळाच्या तापलेल्या अंगणात तर मुळीच नाही.

हल्ली वजन घटविण्याच्या नव्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी ऐकू येते. त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाविषयी युरोपच्या औषध-संस्थेने जून २०२५ मध्ये एक सूचना दिली आहे. दहा हजारांत एकापर्यंत रोग्यांना डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा बिघडून दृष्टी जाण्याचा त्रास होऊ शकतो. हे अत्यंत क्वचित घडते. तरीही हे औषध घेणाऱ्याला एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे झाले, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. औषध जुने असो वा नवे, ते काय देते याबरोबर काय घेते हेही विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

काकींना अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी दोनच प्रश्न विचारले: "आजी, ही गोळी किती वर्षे घेता? आणि मासे-अंडी खाता का?" रक्त तपासले. बी-बारा फारच कमी निघाले. आधी एक दिवसाआड, मग महिन्यांच्या अंतराने इंजेक्शने दिली गेली. रात्रीची आग तीन-चार महिन्यांत ओसरली. परंतु डाव्या पायाची बोटे अजून बधिर आहेत, आणि ती तशीच राहतील असे डॉक्टरबाईंनी सांगितले. त्यांतले किती मधुमेहाचे आणि किती दोन वर्षांच्या उशिराचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी विसर्जनाला जाताना काकींनी पट्ट्याचे बूट घातले होते. त्या मला म्हणाल्या, "मुलींना वर्गात सांग हो, साखरेला मुंग्या लागतात हे खरे, पण मुंग्या दिसल्या म्हणजे तिथे साखरच असेल असे नाही." मी वर्गात सांगितले. आता आपल्यालाही सांगते आहे. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांना एवढेच विचारा: पायांना मुंग्या येतात का, आणि ती गोळी किती वर्षे चालू आहे?